सोफ्यावरच्या उशांची चळत

दहाव्याला आलेल्या बायका मला सारख्या विचारत होत्या, "शेवटचं काय बोलल्या गं?" मी सांगून टाकलं, देवाचं नाव घेतलं. खोटं सांगितलं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, शेवटचं बोलल्या ते माझ्याशी, आणि तेही सोफ्यावरच्या कुशनाबद्दल. त्यांची खाट हॉलमध्येच टाकली होती, समोर सोफा. सकाळी मी पेज भरवायला बसले तर तोंड मिटून घेतलं, बोट उचललं आणि म्हणाल्या, "ती पिवळी उशी... सरळ कर. वाकडी दिसतीय." ती वाकडी नव्हती. मी ती मुद्दाम कोपऱ्यावर उभी केली होती, शंकरपाळ्यासारखी, कारण ती तशीच शोभते. मी उठले नाही. दुपारी आत्या गेल्या. त्यालाही आता महिना होत आला, पण गावातल्या बायका भेटल्या की अजून डोळ्याला पदर लावतात, "लई मायेची बाई व्हती." असेल. माझ्यावर त्यांनी कधी माया केली नाही आणि मेल्या म्हणून केली होती असं मी लिहिणार नाही.

आमचं निरगुडसरचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. आत्यांची उमेदीची सगळी वर्षं कळपामागं गेली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. आज या रानात मुक्काम, उद्या त्या. उजाडायच्या आत घोंगड्या झटकून घड्या घालायच्या, एकावर एक रचायच्या, दोरीनं आवळायच्या आणि घोड्यावर लादायच्या. पुढं सासऱ्यांनी शेती धरली, विहीर काढली, स्लॅबचं घर बांधलं, घोडा गेला, मेंढरं चार-पाच उरली. पण आत्यांच्या हातांना ते कोणी सांगितलंच नाही. घरात काही पसरलेलं दिसलं की त्या रचायला घ्यायच्या. चादरी, ताटं, माझ्या मुलीची पुस्तकं... सगळ्याची चळत. जणू उद्या सकाळी आम्ही सगळे उठून कुठंतरी जाणार होतो.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी लग्न होऊन आले. स्वयंपाकघर त्यांचं, देवघर त्यांचं. दळण कधी करायचं, भाजी कुठली करायची, इतकंच काय माझ्या मुलीचं नाव काय ठेवायचं, सगळं त्यांनी ठरवलेलं. मी अवसरी खुर्दची, लग्नाआधी मंचरला शिवणक्लास केलेली, हातात भरतकाम होतं आणि त्याला घरात जागा नव्हती. मग यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक दिवस टेम्पोत घालून कॉफी रंगाचा सोफासेट आणला. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, बाकीचं घर तुमचं, सोफा तेवढा माझा. पाच कुशनं करायची, तीन चौकोनी आणि दोन गोल. एक पिवळं, एक गर्द लाल, कडेला हातानं विणलेली झालर. कॉफी रंगावर पिवळं किती उठून दिसतं, हे मी रात्री डोळे मिटूनसुद्धा बघू शकायचे. एवढंच मागणं होतं माझं. घरात एक वस्तू अशी असावी, जी मला आवडते म्हणून तिथं आहे.

आत्यांनी सुरुवातीलाच खोडा घातला. मी कापूस आणायला निघाले तर म्हणाल्या, "इकत कशापायी आणायचा? घरची लोकर पडलीय पोत्यात." मी म्हटलं, मग गरम पाण्यातून काढून घेते. "घोंगडी कुठं धुत्यात का? धुतली की जोर जातो लोकरीचा." झालं. न धुतलेली लोकर भरली आणि मी वरून सुंदर अभ्रे चढवले. वास यायचा, पण आम्हाला नाही. त्या वासात राहून आमच्या सगळ्यांचीच नाकं मेली होती, माझंसुद्धा.

तो वास आला पाहुण्यांना. माझ्या नणंदेला, संगीतावन्संना, बघायला पुण्याकडची माणसं आली होती. आभाळ भरलेलं, हवा ओलसर, आणि ओलसर हवेत लोकर बोलायला लागते. मुलाच्या आईनं पिवळं कुशन कौतुकानं मांडीवर घेतलं, भरतकामावरून बोट फिरवलं, "हे मुलीनं केलंय का?" असं विचारलं आणि पुढचा शब्द यायच्या आत नाकाला रुमाल लावला. कुशन बाजूला गेलं. मग एकेक करून सगळे पाहुणे सोफ्याच्या काठावर सरकले. आत्या हसून म्हणाल्या, "आमच्या सूनबाईची हौस हाय ती, पावणं. तिला न्हाई कळत यातलं." मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. पुढं त्या लोकांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं, वन्संचं लग्न वर्षभरात बेल्ह्याला चांगल्या घरी झालं, सगळं नीट झालं. तरी आळीत आत्यांचं एकच पालुपद, "उश्यांनी सोयरीक मोडली."

मी कुशनं उसवली, लोकर काढली, कापूस भरला. तेव्हापासून लढाई सुरू झाली ती संपलीच नाही. मी संध्याकाळी कुशनं मांडायची. मोठी दोन टोकांना, कोपऱ्यावर उभी, त्यांना टेकून लहान, मधे जागा मोकळी. सकाळी चहा ठेवून हॉलमध्ये यावं तर पाचही सोफ्याच्या एका टोकाला रचलेली, वर जुनं लुगडं घट्ट गुंडाळलेलं. मी मांडायची, त्या रचायच्या. बोलणं त्यावरच व्हायचं, तेही टोचून. "ह्या लालाचा दोरा बदलला व्हय? पयला बरा व्हता." "ही झालर इकतची हाय. तुझ्या हातची न्हाई." झालर खरंच विकतची होती, तेव्हा मी आजारी होते. "गोल उशी डावीकडं ठेवलीस आज. का गं?" एवढं बारीक बघायचं आणि एकदासुद्धा, चुकूनसुद्धा, बरं म्हणायचं नाही. मी यांच्याकडं तक्रार केली तर हे म्हणायचे, "उशांवरून काय भांडता राव तुमी दोघी."

एकदा पौषात कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी सोफ्यावर चारच कुशनं. पाचवं, आरसे लावलेलं, ज्याच्यावर मी अख्खा पावसाळा घालवला होता, ते गोठ्यात सापडलं. त्याच्यावर नुकतं जन्मलेलं कोकरू झोपलं होतं, ओलं, चिकट. आत्या शेजारी बसून त्याला चोळत होत्या. मला रडू आवरेना. त्यांनी मानही वळवली नाही. "उशीच हाय ना? मंग निजलं त्यावर." कोकरू जगलं. ती हकीकत आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि सगळे वाहवा करायचे. आरशांचं कोणी विचारलं नाही. मी तो अभ्रा धुतला, डाग निघेनात तेव्हा चुलीत घातला आणि पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना फरक पडला असेल असं वाटत नाही.

दिवस-कार्य उरकलं, पाहुणे गेले, खाट माळ्यावर गेली. परवा मी नारायणगावला जाऊन नवं कापड आणलं. डाळिंबी घेऊ की मोरपंखी, दुकानदार कंटाळेपर्यंत ठरेना, शेवटी डाळिंबी घेतलं. पाचही अभ्रे शिवले, कडेला बारीक साखळी टाका घातला आणि मला हवी तशी मांडणी केली. पहिल्यांदा, कोणाची चाहूल न घेता. हे शेतावरून आले, एक कुशन पाठीमागं चेपलं आणि बातम्या लावल्या. जेवणं झाली. शेवटी मीच विचारलं, "हॉलमध्ये काही वेगळं दिसतंय का?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं. म्हणाले, "टीव्ही पुसलास व्हय?" दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या, दोन तास त्याच सोफ्यावर बसून आईच्या आठवणी काढून गेल्या. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

म्हणजे माझं काम बघणारी या घरात एकच होती. टाका हाताचा की मशीनचा, दोरा जुना की नवा, तिला दारातून कळायचं. कळत होतं, आणि तरी बरं म्हणाली नाही. ठरवून म्हणाली नाही. याबद्दल मी त्या बाईला माफ करणार नाही, लोकांनी कितीही डोळे पुसू देत.

सोफा आता माझा आहे. सकाळी चहा ठेवून हॉलमध्ये येते तर कुशनं आदल्या संध्याकाळी ठेवली तशीच असतात. मी उगाच एखाद्याला हात लावते... मांडायचं काही उरलेलं नसतं.