थोरलीच्या कपाळाचा भोवरा

साल दोन हजार तेवीस. आधार कार्डावर माझं वय अठ्ठ्याहत्तर होतं. तेही शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं लावलेलं, तेव्हा दोन-चार वर्षं इकडंतिकडं धरायची. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं बैलांनी शिकवलं.

हडपसरला आमचं रान होतं तिथंच आता आमची सोसायटी उभी आहे. गोठा होता त्या जागी गाड्या लागतात. कंपाउंडच्या भिंतीलगतची एक पट्टी तेवढी मी हट्टानं सोडवून घेतली आणि तिच्यात हरळी आणि मारवेल लावलं. चेअरमन म्हणाले, "आबा, इथं छान लॉन करू." मी म्हणालो, "करा की. आधी मला उचलून न्या."

ते गवत दोन गिनीपिगांसाठी होतं. नातीनं कॉलेजात असताना आणले, मग नोकरी लागली तशी ती बंगळुरूला गेली आणि पिंजरा माझ्या खोलीत राहिला. मी म्हटलं होतं, हे उंदीर आता मी सांभाळू काय. पण जित्राब दारात आलं की आमच्या घरात त्याला उपाशी ठेवत नाहीत. दोघी माद्या. धाकटी काळी कुळकुळीत. थोरली तपकिरी-पांढरी, आणि कपाळावर मधोमध एकच भोवरा, जणू कुणी बोट ठेवून केस फिरवलेत.

सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं मी त्यांना रिक्षानं घेऊन जायचो. त्यांनी सांगितलं, यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, रोज ढोबळी मिरचीची फोड नाहीतर कोथिंबीर पाहिजेच, नाहीतर सांधे धरतात. गवत अखंड पुढ्यात पाहिजे, कारण दात जन्मभर वाढतात आणि चावून चावूनच झिजतात. एकीला एकटी ठेवायची नाही, झुरते. लसूणघास बंद करा म्हणाल्या. मी म्हणालो, "अहो, माझ्या म्हशी त्याच्यावर वाढल्या." त्या म्हणाल्या, "म्हैस आणा, तिला लिहून देते." माणसाचं मी सहसा ऐकत नाही. पण थोरलीची लघवी चुन्यासारखी पांढरी दिसायला लागली तेव्हा लसूणघास बंद केला.

सकाळी उठलो की आधी लेंड्या बघायचो. सुक्या, लांबट, एकसारख्या असल्या की दिवस चांगला. नखं मीच कापायचो. उन्हाळ्यात दहाच्या आत पिंजरा गॅलरीतून आत घ्यायचा आणि त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, कारण या जातीला उकाडा सोसत नाही. कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला की दोघी मिळून अशी शीळ घालायच्या की खालचा वॉचमन वर बघायचा.

त्या वर्षी एप्रिलात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. मला नको होतं. मुलानं, सुनेनं आणि बिबवेवाडीच्या लेकीनं तिघांनी मिळून मागं लागून लागून तयार केलं. डॉक्टरांनी बजावलं, धूळ नको, गवत नको, वाकायचं नाही, रडायचं नाही. म्हणून थोडे दिवस लेकीकडं राहायचं ठरलं.

निघताना मुलाला पिंजऱ्यापुढं उभा केला आणि सगळं सांगितलं. मिरची, गवत, पाणी, गोणपाट, दहाच्या आत आत. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "आबा, मी कंपनीत अख्खं डिपार्टमेंट सांभाळतो."

"ती माणसं तहान लागली की सांगतात," मी म्हणालो.

लेकीकडं डोळ्यावर पट्टी बांधून पडलो होतो. रोज विचारायचो, "माझ्या दोघी?" लेक म्हणायची, मजेत आहेत. एकदा म्हटलं, मला आवाज ऐकवा. तिनं फोन लावला, माझ्या कानाला धरला. तिकडं सुनेनं कागद वाजवला आणि शीळ आली. एकच शीळ. मी विचारलं, "दुसरी गं?" सून म्हणाली, "झोपलीय आबा." जुडीचा कागद वाजल्यावर झोपून राहणारी गिनीपिग मी पाहिलेली नव्हती. पण आपलीच माणसं सांगतायत म्हटल्यावर मी गप्प बसलो.

घरी आलो ती दुपारची वेळ. रविवार होता, मुलगा-सून घरात होते, लेक मला सोडायला आली होती. पाय न धुताच पिंजऱ्याकडं गेलो आणि जुडी वाजवली. धाकटी शीळ घालत जाळीला आली. दुसरी लाकडी खोक्यात पळाली.

"आठ-दहा दिवस नव्हतात ना, विसरली असेल," मुलगा मागून म्हणाला.

मी हात घालून पोटाखालून धरून तिला बाहेर काढली. हलकी लागली. नखं सुईसारखी होती. मी काळा चष्मा काढला. काय सांगू, किती वर्षांत इतकं लख्ख दिसलं नव्हतं. रंग तोच, तपकिरी-पांढरा. कपाळ मात्र गुळगुळीत. पाठीवर दोन भोवरे, एक वर, एक खाली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची म्हंजे? थोरली हाय की." माझा मुलगा एरवी पेठेत जन्मल्यासारखा बोलतो. घाबरला की त्याच्या तोंडात गाव येतं.

"भोवरा कुठाय?"

"कसला भोवरा?"

मी लेकीकडं बघितलं. लेकीनं पंख्याकडं बघितलं. शेवटी सूनच बोलली.

"आबा, लपवत नाही आता. पिंजरा धुऊन गॅलरीत ठेवला होता, आत घ्यायचा राहिला. आम्ही दोघं ऑफिसला. संध्याकाळी आलो तर ती आडवी झालेली. धाकटी खोक्याच्या सावलीत होती म्हणून वाचली. डॉक्टरांनी तुम्हाला रडायचं नाही सांगितलेलं, डोळ्याला धोका. म्हणून ह्यांनी तशीच दुसरी आणली. खूप दुकानं फिरले हो."

"तशीच?"

"रंग अगदी तोच आहे ना."

आमच्या घरात बैल घेताना रंग सगळ्यात शेवटी बघायचे. आधी भोवरे. कपाळावर किती, पाठीवर कुठं, कुठं अशुभ गोम तर नाही ना. माझे वडील बैलाभोवती फिरत राहायचे तोवर व्यापारी तीनदा चहा पिऊन यायचा. हाच मुलगा माझ्या खांद्यावर बसून बाजारात यायचा आणि वरून बोट दाखवून भोवरे सांगायचा. त्याला आता कपाळ बघायचं सुचलं नाही. रंग जुळला की म्हातारा फसेल, एवढंच त्यानं बघितलं.

"तुझी आई गेली तेव्हा मी रडलो होतो?" मी विचारलं.

"नाही."

"मग एका उंदरासाठी रडलो असतो?"

उंदीर हा शब्द माझ्याच तोंडून गेला याचा मलाच राग आला.

"कुठं ठेवलीस तिला?"

मुलगा जमिनीकडं बघायला लागला. "सकाळच्या गाडीत दिली."

"कुठल्या गाडीत?"

"कचऱ्याच्या. ओल्यात."

आमच्यात जनावर गेलं तर ते आपल्याच मातीत जातं. खड्ड्यात मीठ टाकायचं, वर धन्याच्या अंगावरचं उपरणं टाकायचं, आणि ज्याच्या हातचं ते खात होतं त्यानं पहिली मूठ माती लोटायची. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. माझ्या ढवळ्यापवळ्यांना मी असंच ठेवलं, त्यांच्यावर आज मोटारी उभ्या आहेत. थोरलीला तर वीतभर जागा लागली असती. भिंतीजवळची पट्टी होती, आणि मी बिबवेवाडीत होतो, परदेशात नव्हतो.

लेक म्हणाली, "आबा, आमचं चुकलं. पण तुमच्या भल्यासाठीच."

"जिना उतरताना माझा हात धरायचीस ना?"

"हो."

"त्याच हातानं कानाला फोन धरलास."

ती स्वयंपाकघरात गेली. मुलगा म्हणाला, "मी उद्या ही परत देऊन येतो." तेवढ्यात मी पाहिलं, नवी माझ्या हातातून सुटून पिंजऱ्यात धाकटीच्या पोटाला जाऊन चिकटली होती, आणि धाकटी तिचा कान चाटत होती.

"राहू दे," मी म्हणालो. "तिनं काही खोटं सांगितलेलं न्हाई."

जेवायला बसलो नाही. खोलीत पडून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. थोरली गेली हे दुःख मी पचवलं असतं. जनावर पाळतो त्याला ते पचवावंच लागतं. पण उद्या माझंच काही निघालं, डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून सांगितलं, तर हे आत येऊन हसून म्हणणार, सगळं ठीक आहे आबा. आणि मी विश्वास ठेवायचा. बैलाला भोवरा तरी असतो. माणसाच्या तोंडाला काय बघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा नेहमीच्या वेळी डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन खोलीत आला. ऑपरेशनपासून घरातलंच कुणीतरी थेंब टाकत होतं, मला जमत नसे.

"मान वर करा, आबा."

"बाटली ठेव टेबलावर."

"अहो, तुम्हाला नाही जमणार."

"ठेव म्हटलं ना."

त्यानं ठेवली आणि दारातच उभा राहिला. मी मान मागं टाकून बाटली दाबली. एक थेंब भुवईवर पडला. दुसरा डोळ्यात गेला, तिसरा गालावरून खाली ओघळला. तो मी पुसला नाही. दारात उभं राहून काय बघायचं ते बघू दे म्हटलं. मग काळा चष्मा लावला, खुंटीवरचा विळा काढला आणि जिना एकटाच उतरून दोघींपुरतं गवत कापायला खाली गेलो.