कैदी कोणाचा

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — आणि सांगायची वेळच आली नाही, असंही नाही. आली, चांगली चार-पाचदा आली. दर वेळी मी पान जमवत बसलो.

जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. पंचक्रोशीत जुनी मोडी वाचणारा मी एकटा, आणि त्याचा मला ताठा होता — खोटं कशाला बोलू? राहायला गिरधरभाई पाटलांची ओसरी, जेवायला त्यांचंच ताट. माणूस सज्जन. मला त्यांनी कधी एका शब्दाने धाक घातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा आणि फुलजी नाईकाचा नदीकाठच्या एका वावरावरून वाद होता. फुलजी साठीचा भिल्ल. बापजाद्यांपासून ते वावर कसत आलेला. पाटील म्हणत, मूळचं आमचं. गावच्या पंचांनी सांगितलं, कागद असेल तर आणा. फुलजीने आणला — बांबूच्या नळीत, मेणाने बंद केलेला, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला न वाचता आलेला. तो त्याने माझ्या हातात दिला.

फार जुन्या पंचांचा निवाडा होता तो. लढाईतून पळणारा एक सरदार फुलजीच्या पूर्वजाने तापीच्या उतारावर, पाणी ओलांडताना धरला; सरदाराने तलवार तिथेच त्याच्या हाती दिली. पाटलांच्या पूर्वजाने त्याला महिनाभर घरात ठेवून खाऊ घातलं. सुटकेपोटी सरदाराने हे वावर देऊ केलं. पण द्यायचं कोणाला? कैदी कोणाचा — धरणाऱ्याचा की सांभाळणाऱ्याचा? पंचांनी लिहिलं होतं: कैद्याने ज्याच्या हाती तलवार दिली त्याचा कैदी, आणि वावरही त्याचंच. सांभाळणाऱ्याला फक्त पोटाचा खर्च.

अक्षर स्वच्छ होतं. कुठे कसरसुद्धा लागलेली नव्हती.

चावडीवर वीसेक माणसं होती. पाटील माझ्या शेजारी, फुलजी खाली पायरीवर. मी लढाई वाचली, उतार वाचला, तलवार वाचली. आणि निवाड्याच्या ओळीपाशी आलो — काय झालं मला तिथे? भीती म्हणावी, तर कोणाची? सकाळी पाटलीणबाईंनी पानात तूप जरा जास्त वाढलं होतं, तेवढ्याने? मी काही ठरवून गेलो नव्हतो, एवढं खरं. पण मी वाचलं ते असं — कैदी सांभाळणाऱ्याचा, वावर त्याचं, धरणाऱ्याला मानाचा एक शेला. तो शेला तर मी पदरचाच घातला.

फुलजीने मान डोलावली. मला वाटलं होतं भांडेल. निदान कागद दुसऱ्या कोणाला दाखवीन म्हणेल. तो आठ दिवसांत वावर सोडून सातपुड्यात, सोयऱ्यांकडे निघाला. जाताना शाळेत आला, पाठीशी सून आणि तिच्या कडेवर पोर. म्हणाला, "जुना पंचेसनं बोलनं शे गुरुजी, मानालेच पडी. तुमी वाचं, आमले समजनं."

कागद माझ्याकडेच राहू दे म्हणाला, त्याला आता त्याचा काय उपयोग. तो अजून माझ्या पेटीत आहे. शिवाय वाचनाबद्दल म्हणून त्याने पोटलीभर चारोळी दिली. मी घेतली. संध्याकाळी ती पाटलीणबाईंना दिली, त्यांनी खीर केली.

मी दोन वाट्या खाल्ल्या.