रेवदंड्याचा मिस्त्री लिस्बनला

लिस्बनला जायचं मनात असेल तर हॉटेल, तिकीट, ट्रामचा पास हे सगळं तुम्हाला फोनवर सापडेल. मी सांगतोय ती ऐंशीच्या दशकातली वारी. तेव्हा बहारीनहून सौदीला जाणारा पूल बांधून व्हायचा होता आणि आज अमवाजचे फ्लॅट उभे आहेत तिथे निव्वळ समुद्र होता. आम्ही बहारीनमध्ये अरादला राहायचो. मी जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर होतो.

बहारीनच्या दमट उन्हाळ्यात जहाजाच्या पत्र्याला अक्षरशः घाम फुटतो आणि रंग काही केल्या धरत नाही. त्यावर डोकं खाजवून मी एक पद्धत बसवली, गोदीत ती चालली आणि तिच्यावर पेपर लिहिला. लिस्बनच्या जहाजबांधणी परिषदेने तो स्वीकारला. छापील कार्यक्रमात नाव मात्र आमच्या इंग्रज मॅनेजरचं! तेव्हा तशीच रीत होती, आणि मलाही तिचं फार काही वाटत नव्हतं. मग ऐन वेळी साहेबाची पाठ धरली. त्याने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "म्हात्रे, तू जा. माझ्या वतीने वाचून ये."

मी मुहर्रकचा हलवा घेऊन नाचत घरी आलो. माझी बायको सुनंदा हलव्याला हातही लावेना.

"लिहिलंत तुम्ही, वाचणार तुम्ही, आणि नाव त्याचं? बाबांनी जन्मभर मचवे बांधले. एकावर तरी त्यांचं नाव आहे का? सगळी मालकांच्या लेकीसुनांची नावं. आता तुम्हीही तेच करणार?"

बाबा म्हणजे माझे वडील. रेवदंड्याच्या बंदरावर होड्या, मचवे बांधायचे. अख्खं गाव त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणायचं. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसावं.

"अगं, व्हिसा कंपनीच्या हातात आहे," मी म्हणालो. "उद्या साहेब म्हणाला, नोकरी मफी, बंद, तर?"

"तर रेवदंड्याला जाऊ. समुद्र तिथेही आहे."

आता बोला! माझं तिकीट कंपनीचं, तिचं आमच्या खिशातून. फ्रँकफर्टला विमान बदललं आणि लिस्बनला उतरलो तेव्हा पेपरच्या पहिल्या पानावर साहेबाचंच नाव होतं आणि माझं अजून काही ठरत नव्हतं.

पहिली गंमत हॉटेलच्या काउंटरवर झाली. मी "की, रूम की" करत हवेत कुलूप उघडून दाखवत होतो. समोरच्या बाईला इंग्रजीचा गंध नाही. मागून सुनंदा करवादली, "अहो, चावी मागा ना सरळ!" त्याबरोबर बाईचा चेहरा उजळला. "शाव्!" म्हणत तिने चावी काढून दिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

शाळेत शिकलो होतो की चावीसारखे कितीतरी शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडले. रेवदंड्याचा कोट त्यांचा, पलीकडचा कोर्लईचा किल्ला त्यांचा, बहारीनच्या किल्ल्यातही ते ठाण मांडून बसले होते. पण शिकणं वेगळं आणि हातात चावी पडणं वेगळं. सुनंदाला तर चेव चढला. दुसऱ्या दिवशी मी परिषदेत नाव नोंदवून येईपर्यंत बाईसाहेबांनी बाजार पालथा घातला होता. बटाटा मागितला, बटाटा मिळाला. अननस मिळाला. साबण मिळाला, पण तो बहारीनलाही साबूनच, म्हणून तिने त्याचे मार्क धरले नाहीत. मग ऐटीत पेरू मागितला. फळवाला हसला, तिला हाताने खूण करत चार दुकानं पलीकडे घेऊन गेला आणि एका भल्यामोठ्या टर्की कोंबड्यासमोर उभं केलं. तिथे पेरू म्हणजे टर्की!

"बघा, सगळं काही ह्यांच्याकडून घेतलेलं नाही आपण," ती मला सांगताना म्हणाली. हरणं तिच्या स्वभावातच नाही.

शहर म्हणाल तर नुसते चढउतार. रस्ते गुळगुळीत दगडांचे, तेव्हा चांगली पकड असलेले बूट न्या. मी गोदीतले नेले होते, सुनंदा चपलांवर आली आणि दोनदा आपटली. पिवळ्या ट्राममध्ये खिडकीशी बसा, गल्ल्या इतक्या अरुंद की लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना हात लागतो. जेवायला बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. "किती अगत्याची माणसं!" म्हणून आम्ही सगळं फस्त केलं आणि बिलात एकेकाचे पैसे लागले. नको असेल तर हात लावू नका. तारल्या मात्र खाच. कोळशावर भाजून वर नुसतं मीठ. सुनंदाने पर्समधून घरचा मसाला काढला, भुरभुरवला आणि वेटरलाही एक तुकडा खायला लावला. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने आणखी मागितला.

संध्याकाळी बेलेंला नदीकाठचा बुरूज बघायला गेलो. इथूनच ह्यांची जहाजं आपल्याकडे निघाली. पायरीवर बसून सुनंदा म्हणाली, "ते आले तेव्हा कुणाच्या वतीने आलो म्हणून गप्प बसले होते का हो?"

माझं उद्याचं तिथेच ठरलं.

सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, तिथल्याच एका गोदीचे जुने प्रमुख. त्यांनी साहेबाचं नाव पुकारलं. मी उठलो. माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हा पेपर मी लिहिला आहे. काम बहारीनमध्ये मी केलं आहे. माझं नाव म्हात्रे."

अध्यक्षांनी कानाला हात लावला. "मेश्त्र?"

"म्हात्रे."

"मेश्त्र!" त्यांनी सभागृहाकडे बघून जाहीर केलं. सगळे हसले, टाळ्याही पडल्या. मला काही कळेना. पण मग मी असा वाचला पेपर की बस्स! प्रश्नांवर प्रश्न आले. एका जर्मनाने विचारलं, हा रंग खाऱ्या पाण्यात टिकेल का? सवयीने तोंडून निघालं, "इंशाल्ला." पुन्हा हशा. मग आकडे दाखवले, तेव्हा तो मान डोलवायला लागला.

चहाच्या वेळी अध्यक्ष स्वतः आले. म्हणाले, "लोक का हसले माहीत आहे? आमच्याकडे मेश्त्र म्हणजे जहाज बांधणाऱ्यांचा म्होरक्या. आयुष्य घालवावं लागतं, तेव्हा कुठे माणसाला मेश्त्र म्हणतात. तुम्ही तर आडनावातच घेऊन आलात!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेश्त्र. मिस्त्री! मी म्हणालो, "सर, मी नव्हे. मेश्त्र माझे वडील. ते लाकडी जहाजं बांधतात." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मागे सुनंदा डोळे पुसत होती. मीही पुसले, लपवलं नाही.

बहारीनला परतल्यावर साहेबाने बोलावलं. बातमी माझ्याआधी पोचली होती. त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. मी मनातल्या मनात बॅगा भरल्या. "पेपर होता तुझाच," तो म्हणाला. "आता यल्ला, पळ, गोदीत जहाज लागलंय."

आता कुणी विचारलं, त्या प्रवासातलं उरलं काय? सुनंदाने आणलेली निळी फरशी बहारीनमध्येच तुबलीच्या रस्त्यावर गाडी गचकली तेव्हा फुटली. फोटोंचा रंग उडाला. उरलं ते एक पुस्तक.

काही महिन्यांनी परिषदेचं छापील पुस्तक टपालाने आलं. माझा पेपर होता, साहेबाचं नाव नव्हतं. पण माझंही नव्हतं. शीर्षकाखाली छापलं होतं, 'मेस्त्रे, बहारीन', म्हणजे अध्यक्षांचं तेच मेश्त्र. मी चिडून दुरुस्तीचं पत्र लिहायला बसलो. सुनंदाने पेन काढून घेतलं आणि पुस्तक सुट्टीच्या बॅगेत घातलं.

रेवदंड्याला बाबा अर्धवट बांधलेल्या मचव्यापाशी बसले होते. मी पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं, अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. मेस्त्रे.

बाबांनी हात धोतराला पुसले आणि त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं.

"अरं," ते म्हणाले, "माजा नाव त्यांना कोनी सांगला?"

छापखान्याची चूक आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. सुनंदाने डोळे वटारले आणि हळूच म्हणाली, "खलास, पुरे."

मी तोंड मिटलं. मग म्हणालो, "मी सांगितलं, बाबा."