दादर पेरतात की चढतात

माझी धाकटी बहीण शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. तिच्या सत्काराला जो उठला तो एकच बोलला, बाई जन्मापासून हुशार, जिद्दी, कष्टाळू. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी तिची सख्खी बहीण, तिच्याहून पावणेदोन वर्षांनी मोठी. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत, त्यामुळे त्या डोक्यात काय आहे हे मला भाषणवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक. ती हुशार होती, खोटं नाही. पण मीही होते. ती मुख्याध्यापिका झाली आणि मी चौथीवर थांबले, याच्या मुळाशी एक लाकडी जिना आहे.

आमचे वडील नंदुरबारला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. धाकटी जन्मली तेव्हा मी अजून आईच्या अंगावर पीत होते. आईला दोघी झेपेनात, म्हणून मला तापीकाठच्या गावी तिच्या आईकडे नेऊन सोडलं. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. सोडलं ते चार महिन्यांसाठी, राहिले मी आठव्या वर्षापर्यंत. याबद्दल माझी तक्रार नाही. मोठी मायनं मला पोटभर खाऊ घातलं आणि कामाला लावलं. काळ्या जमिनीत, पावसाळा सरता सरता, आमच्याकडे दादर पेरतात. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, टपोऱ्या दाण्याची. नुसत्या जमिनीच्या ओलीवर आणि दवावर येते. मी ती राखली, खुडली, पाखडली, तिची भाकरी थापायला शिकले. दादर हा शब्द मला माझ्या नावाच्या आधी येत असेल.

धाकटी आईजवळ राहिली. शेजारी रेल्वेतल्या बाबूंचं बिऱ्हाड होतं, नाशिककडचं. त्यांच्या बाईंना मूलबाळ नव्हतं, त्यांनी माझ्या बहिणीला दिवसभर आपल्या स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, सगळं नंदुरबारच बोलायचं. पण बाईंकडे गेली की धाकटी 'आहे, नाही, बसा, वाढा' असं बोलायची. त्यांचं घर दोन मजली होतं आणि वर जायला लाकडी जिना होता. पाच वर्षांची असताना धाकटी त्या जिन्यावरून खाली आली ती तोंडावर. पुढचा दात पडला. बाई रस्त्यावर येऊन ओरडल्या, "अहो धावा, पोर दादरावरून पडली!" आमच्या गल्लीतल्या बायांना कळेचना. त्यांना वाटलं, पोर कणसांच्या ढिगावरून पडली, मग एवढं ओरडायचं काय कारण? हे मला आईनं नंतर सांगितलं. मी तेव्हा तापीकाठी होते.

आठव्या वर्षी मला परत आणलं आणि धाकटीच्याच वर्गात बसवलं. आम्ही दोघी एका पाटावर बसून चौथीपर्यंत आलो. गणितात ती माझ्या पाटीवर बघायची. मी बघू द्यायची.

चौथीच्या परीक्षेला शाळा तपासणारे साहेब येत, त्यांना सगळे डिप्टी म्हणायचे. त्या वर्षी मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की धुळ्याला मुलींचं वसतिगृह निघालं आहे, राहणं-खाणं फुकट, सातवीपर्यंत शिकायचं, मग मास्तरीण व्हायचं. आमच्या शाळेतून एकच मुलगी घेणार. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. मास्तरीण म्हणजे खुर्चीवर बसायचं आणि कोणी उठवायचं नाही, एवढंच मला कळत होतं, पण ते फार हवं होतं. मास्तर आईला म्हणाले होते, "मोठीचं नाव लागेल."

डिप्टी पुण्याकडचे होते. गणितं घातली. माझी सगळी बरोबर आली, धाकटीची दोन चुकली. मग त्यांनी पुस्तकातलं एक वाक्य वाचलं, "मुलगी धावत दादर चढून वर गेली." आणि माझ्याकडे बोट केलं. "दादर म्हणजे काय?"

मी उभी राहिले. मला वाटलं साहेबांनी वाचताना चूक केली. मोठ्या माणसाची चूक दाखवायची म्हणून शक्य तितकं गोड बोलले, "साहेब, दादर चढतस नही. दादर पेरतस."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. एकही मुलगी हसली नाही, कारण सगळ्यांच्या घरी तीच भाकरी होती. मास्तर शहाद्याकडचे होते, ते खाली बघत राहिले. त्यांनाही दुसरी दादर ठाऊक नसावी. हसले फक्त डिप्टी. चांगले पोट धरून हसले.

"तू सांग," ते धाकटीला म्हणाले.

"दादर म्हणजे जिना. लाकडी."

"शाबास! तुला कसं ठाऊक?"

"मी पडले ना त्याच्यावरून," धाकटी म्हणाली आणि ओठ वर करून दाताची जागा दाखवली. दात केव्हाच आला होता, पण तिनं दाखवली.

जागा तिला मिळाली. साहेबांनी मास्तरांना सांगितलं, मोठीचं गणित चांगलं आहे, पण मास्तरीण व्हायची तर भाषा शुद्ध पाहिजे.

घरी वडील चिडले. "साहेबले काय माहीत दादर कशी ऱ्हास! एक डाव खाई पाहे म्हना." आई चुलीपुढून एवढंच बोलली, "मोठी घर ऱ्हायनी, धाकली चालनी." मी तीन दिवस धाकटीशी बोलले नाही. ती माझ्यामागे विहिरीवर यायची, छोटी घागर घेऊन, आणि मी वाट बदलली की तीही बदलायची. चौथ्या दिवशी मी तिच्या वेण्या घातल्या, कारण तिला जायचं होतं आणि आईला वेळ नव्हता. वेण्या जरा ओढूनच घातल्या. ती हूं की चूं बोलली नाही.

दोनेक महिन्यांनी जिनाच्या कामाला वडील सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला निघाले. मला म्हणाले, "चाल, बहिनले भेटी ये." वसतिगृहाच्या मागे कपडे धुवायचा दगड होता, तिथं आम्ही दोघी बसलो. तिचं डोकं पाहिलं तर उवाच उवा. मी तिला पुढ्यात बसवलं आणि काढायला लागले. एकमेकींचं तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

"माले हासतस," ती म्हणाली.

"कोन?"

"समद्या. मी 'शे' म्हणस ना. जेवाले बठनूत का म्हणतस, शेळी आली, शेळीला पाला टाका."

बाईंच्या स्वयंपाकघरात ती जे 'आहे, नाही' शिकली होती, ते चार-दोन घटका पुरणारं होतं. इथं दिवसरात्र तेच बोलायचं. झोपेतून उठवलं की, रडू आलं की, भूक लागली की तोंडातून 'आहे'च्या जागी 'शे' निघायचं. नाशिक-पुण्याकडच्या अधिकाऱ्यांच्या मुली होत्या तिथं, त्यांनी शेळी हे नाव धरलं ते धरलंच. ती पाणी मागायला उठली तरी मागून कोणीतरी बें करायचं.

मग तिनं मान वळवली. ती हे आधीपासून ठरवून बसली होती, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"आक्का, तू ऱ्हाय आठे. मी घर जास. आपलं तोंड सारखं शे. वसतिगृहनी बाईले काय समजणार?"

खरंच तोंडं सारखी होती. मी दोन बोटं उंच, एवढंच. आणि ती नुसती बोलत नव्हती. तिनं आपली ट्रंकेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. त्या दिवशी तिनं घरी जायचं ठरवलं असतं तर वडिलांनी तिला नेलं असतं. लेकीच्या रडण्यापुढे त्यांचं काही चालत नसे. माझ्या मनात दोन महिने जे होतं ते माझ्या मुठीत होतं. मी त्या आवाराकडे पाहिलं. पलीकडे ओसरीत पाच-सहा मुली मोठ्यानं कविता म्हणत होत्या, सगळ्या एका सुरात. एकीनं आमच्याकडे बोट दाखवलं आणि बाकीच्या हसल्या. आम्ही काय बोलतोय ते तिथं ऐकूही जात नव्हतं.

धाकटीला निदान चार-दोन घटकांचं बोलणं येत होतं. मला तेवढंही येत नव्हतं. ती एक शेळी, मी तर अख्खा कळप झाले असते.

मी किल्ली तिच्या ओच्यात टाकली. "मी नही ऱ्हास. मन्हं लगीन ठरनं."

लग्नाचं कुठं काही नव्हतं. तोंडाला येईल ते बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाठ करून पुन्हा माझ्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "मंग उवा तरी समद्या काढी जा." मी सगळ्या काढल्या. लिखाही काढल्या. वडील आत येऊन दोनदा हाक मारून गेले तरी उठले नाही.

खोटं बोलले ते वर्षाच्या आत खरं झालं. तापीकाठच्याच गावी दिलं मला. नवरा कामाचा होता, कमी बोलायचा. केळी आणि कापूस. माझं वाईट झालं नाही, उगाच कोणी हळहळू नये. पण मराठी छापलेलं काही हातात आलं की मी आजही ते पूर्ण वाचते, पंचांगाची जाहिरात असली तरी.

धाकटी सातवी झाली, ट्रेनिंग झालं आणि मोठं युद्ध सुरू झालं त्या सुमारास तिला नवापूरला नेमलं. मी एकदा तिच्या शाळेत जाऊन बसले होते. बरीच मुलं कोकणी, म्हणजे तिकडच्या आदिवासींची बोली, बोलणाऱ्या घरची, रानाकडची. एका लहान मुलीला तिनं विचारलं, काल काय खाल्लं? मुलीनं घरातला शब्द सांगितला. तो मला कळला नाही आणि धाकटीलाही नाही. पुढची मुलं हसायच्या बेतात आली. धाकटी म्हणाली, "मला नाही येत हा शब्द. जा, आणून दाखव." मुलगी धावत गेली आणि कुंपणावरून काटेरी हिरवी काटवलं, म्हणजे कर्टुली, ओंजळभर घेऊन आली. धाकटीनं तिचा शब्द फळ्यावर लिहिला, खाली आपला लिहिला. मी माझ्या जागेवरून बघत होते. खुर्ची होती, पण ती तिच्यावर बसलेली मला त्या दिवशी काही दिसली नाही. सारखी उभीच.

तिथून पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला धाकटी स्वतः सांगते, आणि चुकीचं सांगते. प्रत्येक सत्काराला तिचं एक वाक्य ठरलेलं, "ही जागा माझ्या आक्काची होती, तिनं मला दिली." लोक वळून माझ्याकडे बघतात, कोणी पाया पडतं. मी इतकी वर्षं गप्प बसले. लोकांनी चांगलं म्हटलेलं कोणाला नको असतं?

परवाच्या सत्कारानंतर आम्ही दोघी तिच्या घरी बसलो होतो. तिच्या गळ्यातले हार मी खुंटीला लावत होते. मी म्हटलं, "एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. त्या दिवशी धुळ्याला माझं लग्न ठरलेलं नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. उवा काढून झाल्यावर तू माझी घोंगडी उन्हात टाकायला गेलीस ना, तेव्हा वडलांना विचारलं, आक्काचं कुठं ठरलं? ते म्हणाले, कोन म्हणे?"

मी हार तसाच हातात धरून उभी राहिले. "मग तेव्हाच का नाही धरलं मला? तू तर घरी यायला निघाली होतीस."

"तुला ती जागा किती हवी होती ते मला ठाऊक नव्हतं का? वेण्या घातल्यास तेव्हा डोकं दोन दिवस दुखत होतं." ती हसली. "आणि तरी तू खोटं बोललीस. म्हटलं, आक्का एवढं सोडते म्हणजे मी इथं राहावं असं तिला फारच वाटत असणार. मग कसली शेळी आणि कसलं काय. राहिले."

तिच्या तोंडावर कसलाही संशय नव्हता. पन्नास वर्षं ही बाई त्या एका समजुतीवर उभी होती. मला तिचं ते तसंच ठेवता आलं असतं. पण मी अर्धवट खरं बोलून थांबणारी नाही.

"तसलं काही नव्हतं," मी म्हटलं. "मी भ्याले होते. मला हसतील म्हणून. तुझा विचार माझ्या मनातही आला नाही."

मग तिनं माझ्या हातातला हार काढून घेतला आणि मला शेजारी बसवलं.

"ह्या गोष्टीत तुझं कोणी ऐकणार नाही, मीही नाही," ती म्हणाली. "सरक जरा, पाय लांब करू दे."

मी सरकले. तिनं पाय लांब केले, माझ्या मांडीला टेकवले आणि तशीच पडून राहिली.