सकाळी कर्जतची लॅब, दुपारी खालापूरची

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून घरात पाऊल टाकताच लिहितोय.

माझा टेंपो आहे. आज सकाळी कर्जतच्या एका खाजगी लॅब टेक्निशियन कॉलेजचं भाडं होतं. मायक्रोस्कोप आणि काचेच्या सामानाचे खोके नेऊन वर्गात मांडले. सरकारी तपासणी होती. साहेब आले, टेबलांवरून नजर फिरवली, सही ठोकली, नारळपाणी प्यायले आणि गेले.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच मला सामान परत भरायला सांगितलं. माझी पुतणी सोनल त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती धावत आली. "काका, कुठं नेतोस हे? आज पयल्यांदा बघायला मिळालं. आमी अजून डोळापण लावला नाय!"

सामान चाललं होतं खालापूरला, त्याच मालकाच्या दुसऱ्या कॉलेजात. दुपारी तिथं तपासणीला कोण? तेच साहेब! मला ओळखलंसुद्धा. हसून म्हणाले, "काय हो, आमच्या आधी पोचलात?" आणि तिथंही सही केली.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि मीही तोंडातून एक शब्द काढला नाही, त्याची लाज वाटतेय.

पुढच्या वर्षी सोनलच्या हातात सरकारमान्य सर्टिफिकेट पडेल. ती इथेच कुठेतरी नोकरीला लागेल आणि तुमच्या-माझ्या घरातलं रक्त तपासेल. तिच्या रिपोर्टवर मी, तिचा सख्खा काका, विश्वास ठेवणार नाही. तुम्ही ठेवाल?