निगडीतले खाडीचे खेकडे

निगडीच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांना दाखवायला म्हणून माहेरच्या खाडीतून खेकडे आणले. अंगठ्याएवढे, नरांची एक नांगी भलतीच मोठी. सोबत डबाभर चिखल, कॅनभर खारं पाणी. घरी काचेच्या पेटीत त्यांना ठेवलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

सगळे बिळात गडप. पोळ्या लाटता लाटता उठून मी काचेला डोळा लावायचे. मेले तर नसतील?

"अगं, दम धर जरा," नवरा म्हणायचा. तो चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो.

एका दुपारी सगळे अचानक वर आले. नर नांग्या हलवत होते. मी लगेच आईला फोन लावला; तिचं घर खाडीलाच लागून.

"आत्ता होय गो?" आई म्हणाली. "आत्ता इथे पण सुकती लागलीय. चिखल उघडा पडलाय."

सुकती म्हणजे ओहोटी. किनाऱ्यावरच्या जिवांच्या अंगात भरती-ओहोटीचं घड्याळ असतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. पण समुद्रापासून इतक्या लांब, घाटावरच्या फ्लॅटमध्ये ते चालताना बघून अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी ते जरा उशिरा बाहेर आले. ओहोटीही तशीच पुढे सरकलेली.

पेटी कॉलेजात नेली; मुलांनी खेकडे पाहिले, खूश झाली. पुढे मात्र खेकड्यांचं बिनसलं. पेटीतलं पाणी ना चढायचं, ना उतरायचं. कुणी सकाळी वर, कुणी संध्याकाळी. मग एक उताणा पडलेला सापडला.

"शिफ्ट बदलली की माझंही असंच होतं," नवरा म्हणाला. "भूक कधीची, झोप कधीची, कळत नाही. सोडून येऊ त्यांना."

गुरुवारी त्याला सुट्टी. मी रजा टाकली. गाडी मीच चालवली. घाटात प्रत्येक वळणावर खेकड्यांच्या बादलीतलं पाणी हिंदकळायचं. दोनदा गाडी थांबवून मी झाकण उघडून पाहिलं.

खाडीवर ओहोटी होती. बादली चिखलावर आडवी केली. एकही हलेना. मी वाकून बघत राहिले.

"मागे सर गो, तुझी सावली पडतेय," आई म्हणाली.

मी सरले. एक तुरुतुरु पळाला, मग दुसरा, मग सगळेच. काही वेळातच आमचे कोणते आणि तिथले कोणते, ते ओळखू येईना.