पाटापलीकडचं लुक्का

इटलीतलं लुक्का नावाचं जुनं शहर मी सायकलवरून पूर्ण पाहिलं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे. मी पाऊण शहर पाहिलं. राहिलेला पाव भाग एकदाच पाहिला, तोही अनवाणी आणि सायकल खांद्यावर घेऊन.

सायकल मी हिंगोलीत शिकलो. स्टेशनाजवळ एका चाचांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. त्यांच्या सायकलींना ब्रेक नसत. थांबायचं असलं की पाय जमिनीला घासायचे, नाहीतर माणूस बघून धडकायचं. या शिक्षणावर मी पुढे पलटणीत भरती झालो, आणि लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात आमची तुकडी लुक्क्याजवळ येऊन पडली. माझं काम रेशनच्या गोदामात होतं. पीठ, डाळ आणि तूप सांभाळून मी जर्मनांशी लढत होतो.

निघताना आईनं औंढ्याच्या महादेवाला नवस केला होता आणि मला एकच ताकीद दिली होती. "तिकडं कुटं बी जा, पर देवाचं पानी वलांडू नको." आमच्याकडे महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. गोमुखातून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. लेकरूसुद्धा ते पाणी ओलांडत नाही. जिवंत परत यायचं तर एवढं पाळणं मला काही जड नव्हतं.

गोदामाशेजारी एक म्हातारी राहायची. आमच्या साहेबांचे कपडे धुऊन द्यायची. तिच्या दाराशी एक काळी सायकल उभी असायची, रोज पुसलेली, पण कुणी न चालवलेली. एका रविवारी तिनं मला हाक मारली, लष्करी कपड्यातल्या एका पोराचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "इंदिया." तिचा लेक इंग्रज सरकारच्या कैदेत हिंदुस्थानात होता. म्हणजे तिचा पोरगा माझ्या देशात आणि मी तिच्या. मी त्याला पाहिलंय का, असं ती विचारत होती. मी फोटो नीट पाहिला आणि आमच्याकडच्या जवळा गावच्या बाजारातले सगळे चेहरे खरोखर आठवून पाहिले. मग नाही म्हणालो.

तिनं एक पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात दिला, आपल्या सुजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि सायकल पुढे केली. कैद्यांची पत्रं शहरातल्या एका ऑफिसात येत. दर रविवारी तिथं जाऊन विचारायचं, आणि बदल्यात दिवसभर सायकल माझी, असा करार ठरला. मला इटालियनचे बाराच शब्द येत होते, पण करार समजायला तेवढे पुरले.

लुक्क्याभोवती दीड कोसाचा तट आहे. तो इतका रुंद की वरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात. त्यावर दुतर्फा झाडं आणि आत देवळंच देवळं. एकेका देवळात डोकावत बसलो असतो तर रजा पुरली नसती. म्हणून गावालाच प्रदक्षिणा घालावी, सगळ्यांचं पुण्य एकदम पदरात पडेल, असा मी हिशेब केला. शहर उजव्या हाताला ठेवून तटावरून निघालो. सायकल फार गुणाची होती. तिला दोन ब्रेक होते, त्यामुळे सुरुवातीला मी उगाचच थांबत होतो. खाली लाल कौलं, गच्च्यांवर वाळत टाकलेले कपडे, उंच मनोरे. एका मनोऱ्याच्या डोक्यावर तर चक्क झाडं उगवलेली. आमच्याकडे असं झालं असतं तर गावानं मालकाला नावं ठेवली असती. मी मात्र फार खूश होतो. इतकं खूश असणं लढाईत शोभत नाही, पण होतो.

आणि मग तटाखाली पाणी दिसलं. एक पाट तटाखालून शहराच्या आतबाहेर वाहत होता. मी ब्रेक दाबले आणि मागे फिरलो. उलट्या बाजूनं तटावरून फिरत आलो, तर तोच पाट पुन्हा आडवा. कुठलं पाणी आत जाणारं आणि कुठलं बाहेर येणारं, याची चौकशी न करता मी दोन्ही पाळली. आमच्या तुकडीतला कोकणातला हवालदार म्हणायचा, "अरे, ते गटार आहे." मी म्हणायचो, "गोमुखातून तरी दुसरं काय येतं? पाणीच."

मग खाली उतरून गल्ल्यांतून ऑफिस शोधलं. कागद दाखवला की माणसं एकाच दिशेला हात करत. त्या दिशेला शंभरेक पावलांवर तोच पाट आणि त्यावर छोटा पूल. ऑफिस पलीकडे होतं. मी पुलाशी उभा राहिलो, आईचा शब्द आठवला आणि परत आलो. म्हातारी दारातच होती. मी म्हणालो, "नो." माझ्याजवळ पत्र नव्हतं, म्हणजे शब्द खरा होता.

असे तीन रविवार गेले. शहराचा पाऊण भाग मला तोंडपाठ झाला. दर संध्याकाळी मी "नो" म्हणायचो आणि ती मला भाजलेले चेस्टनट द्यायची. मी ते खायचो. याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या रविवारी तिनं सायकल पुसून दिली, पण कागद दिला नाही. सायकल तुझीच, मजेत फिर, अशी हातानं खूण केली आणि आत गेली. तिनं आस सोडली होती. तो कागद मीच आत जाऊन टेबलावरून उचलला.

पुलाशी आलो. बूट काढून गळ्यात अडकवले. देवाच्या पाण्यावरून चाक न्यायला नको म्हणून सायकल खांद्यावर घेतली. "महादेवा, काय तकलीफ द्यायची ती मला दे, आईला नको," असं म्हणून पूल ओलांडला. थंडीनं तळवे बधिर झाले. दोन बायका थांबून बघत होत्या. पलीकडचं लुक्का अलीकडच्यासारखंच होतं.

ऑफिसातल्या माणसानं कागद पाहिला, कप्प्यात हात घातला आणि पत्र काढून दिलं. ते आल्याचा शिक्का पहिल्या रविवारच्या आधीचा होता.

म्हातारीनं ते उभ्यानंच वाचलं, मग माझं तोंड दोन्ही हातांत धरून दोन्ही गालांचे मुके घेतले. पोरगा धडधाकट होता. पत्र तीन आठवडे माझ्यामुळे पडून राहिलं, हे कबूल करायचं होतं. माझे बारा शब्द त्याला पुरले नाहीत.

लढाई संपल्यावर मी घरी आलो आणि नवस फेडायला आईला घेऊन औंढ्याला गेलो. गोमुखापासून परत फिरताना मला राहवलं नाही. म्हणालो, "म्या तिकडं पानी वलांडलं."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. आई दगडी पायरीवर बसून ऐकत होती. मला वाटलं, आता प्रायश्चित्त सांगणार.

"तीन हप्ते पत्र पडून व्हतं?"

"व्हय."

"पर पोरानं लिवलं तर व्हतं."

तीन वर्षांत मी घरी दोन पत्रं पाठवली होती. मी जिवंत आहे हे मला माहीत होतं, म्हणून वेगळं लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"दर बाजाराला म्या जवळ्याच्या टपालात जाऊन इचारत व्हते," आई म्हणाली. "तिथला मानूस लांबूनच हात हालवायचा. गुडघे माझे बी दुखत व्हते. तिला तू तरी व्हतास."